कामगाराचे नाव आणि संगणकाची खूण



या व्याख्यानमालेच्या चालकांनी मला बोलावले तेव्हा त्यांची अपेक्षा बहुधा अशी असावी की, हा कामगार चळवळीतला मनुष्य कंत्राटी पद्धतीवर बोलेल, बोनसवर बोलेल, फार तर नव्या श्रमसंहितांवर बोलेल. मी विषय कळविला तो प्रोग्रामरांच्या शिक्षणाचा. तेव्हा एका चालकांनी मला फोन करून विचारले की, पत्रिकेत काही चूक तर होत नाही ना? चूक काही नाही. माझ्या दृष्टीने हा विषय कामगारांचाच आहे, आणि तो दोन्ही बाजूंनी आहे. ज्यांची नावे संगणकात जातात तेही कामगार, आणि ती नावे संगणकात घालणारी मुलेही कामगारच.

मी कॉलेजात गेलेलो नाही. संगणकाचे जे थोडेबहुत ज्ञान मला झाले, ते युनियनच्या कचेरीत फंडाच्या तक्रारी सोडविता सोडविता झाले. अडल्याशिवाय मनुष्य शिकत नाही असे म्हणतात. मी अडलो म्हणून शिकलो. कसा अडलो तेच आधी सांगतो.

काही वर्षांपूर्वी एक बाई कचेरीत आल्या. नागपूरजवळच्या एका औद्योगिक वसाहतीत कंत्राटदाराकडे त्या साफसफाईच्या कामाला होत्या. आईच्या आजारपणासाठी फंडातून पैसे उचलायला त्या गेल्या, तर खात्यात सहा महिन्यांची भरतीच नाही. मला म्हणाल्या, "भाऊ, पगारातून तं दर महिन्याले कापते, अन् खात्यात काईच दिसत नाई." त्यांच्याजवळ पगाराच्या चिठ्ठ्या होत्या. प्रत्येक चिठ्ठीवर कपात स्पष्ट दिसत होती.

माझ्या मनात पहिला विचार आला तो तुमच्याही मनात आला असेल. कंत्राटदाराने पैसे खाल्ले. असे पुष्कळदा घडते. परंतु चौकशी केली तेव्हा कळले की, बाकीच्या कामगारांचे पैसे बिनचूक भरले गेले होते. फक्त सात जणींची नावे यादीतून गळाली होती. सात जणीच का? आणि त्या सगळ्या बायकाच का? हे कोडे उलगडण्यासाठी मी त्या कंत्राटदाराची पगाराची आज्ञावली ज्या मुलाने तयार केली होती, त्याला जाऊन भेटलो. बावीस-तेवीस वर्षांचा, खेड्यातून आलेला, डोळ्यांखाली काळी वर्तुळे पडलेला मुलगा. तो बिचारा घाबरून म्हणाला, "काका, मले जसं सांगितलं तसंच केलं मी."

आणि मित्रहो, ते खरेच होते. त्याला जसे सांगितले होते तसेच त्याने केले होते. माझ्या आजच्या भाषणाचे मूळ त्या वाक्यात आहे.

झाले होते असे. कंत्राटदाराने जुनी आज्ञावली टाकून नवी घेतली. जुन्यातली माहिती नव्यात न्यायची होती, आणि ती नेण्यासाठी एक फाइल तयार झाली होती. या फाइलीची जी भाषा असते तिला एक्सएमएल म्हणतात. नाव अवघड वाटते, गोष्ट सोपी आहे. आपल्या शहरात छापखाने पुष्कळ होते आणि आहेत. जुन्या काळी संपादक हस्तलिखिताच्या समासात कंपॉझिटरसाठी खुणा करीत असे: हे ठळक टाइपात घ्या, हा मथळा, येथे नवा परिच्छेद. खुणा छापायच्या नसत. त्या मजकुराविषयी सांगत. इंग्रजीत या खुणा करण्याला मार्कअप म्हणतात, आणि संगणकवाल्यांनी हा शब्द छापखान्यातूनच उचलला.

१९६९ साली अमेरिकेत आयबीएम कंपनीतल्या गोल्डफार्ब, मोशर आणि लोरी या तिघांनी वकिलांच्या कचेरीतली कागदपत्रे संगणकावर आणण्याच्या कामातून एक पद्धत बसविली. मजकूर कसा छापावा हे खुणेने सांगण्यापेक्षा मजकूर काय आहे हे सांगावे. हे ठळक आहे असे सांगू नका, हा मथळा आहे असे सांगा. त्यांच्या आडनावांची आद्याक्षरे जी, एम, एल. तीच त्या भाषेच्या नावात बसली. यांतले गोल्डफार्ब मूळचे वकील होते ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. ती का, ते पुढे सांगेन. १९८६ साली या पद्धतीला एसजीएमएल या नावाने आंतरराष्ट्रीय मानकाचे रूप मिळाले, आणि १० फेब्रुवारी १९९८ रोजी तिची सुटसुटीत केलेली आवृत्ती म्हणून एक्सएमएल जाहीर झाली.

आपला तिच्याशी काय संबंध, असे कोणी म्हणू नये. तुमची मुले वर्डमध्ये पत्र लिहितात. २००७ च्या आवृत्तीपासून त्या फाइलीच्या नावाच्या शेवटी जे एक्स अक्षर लागले, ते याच एक्सएमएलचे. तुम्ही संत्रीवाल्याच्या हातगाडीपाशी उभे राहून मोबाइलने पैसे देता. २०१६ साली सुरू झालेल्या त्या यूपीआय व्यवस्थेत बँकांच्या दरम्यान जे निरोप धावतात, तेही अशाच खुणांच्या भाषेत रचलेले असतात. आपण पाहत नाही, पण आपले नाव आणि आपला पैसा या खुणांमधून दिवसरात्र हिंडत असतो.

आता ती फाइल कशी दिसते ते पाहू. खुणा सहसा इंग्रजीत असतात. परंतु या भाषेच्या नियमांप्रमाणे खुणेचे नाव देवनागरीतही चालते, म्हणून मी येथे फळ्यावर मराठीत लिहितो. उदाहरणासाठी आपल्या देशातल्या कामगार चळवळीच्या जनकाचेच नाव घेऊ. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईत गिरणी कामगारांची संघटना उभी केली, आणि १८९० पासून आपल्याला रविवारची सुट्टी मिळाली ती त्यांच्या खटपटीमुळे. मस्टरवर मुकादम त्यांचे नाव कसे लिहील? आपल्याकडच्या रिवाजाप्रमाणे आडनाव आधी:

<कामगार>
<नाव>लोखंडे नारायण मेघाजी</नाव>
</कामगार>

खूण उघडते, मजकूर येतो, आणि तिरप्या रेघेची खूण आली की ती बंद होते. नव्या आज्ञावलीला मात्र नावाचे तीन तुकडे हवे होते. त्या मुलाने काय केले? जेथे मोकळी जागा दिसेल तेथे नाव तोडले, आणि तुकडे क्रमाने भरले:

<कामगार>
<पहिले_नाव>लोखंडे</पहिले_नाव>
<मधले_नाव>नारायण</मधले_नाव>
<आडनाव>मेघाजी</आडनाव>
</कामगार>

संगणकाने तक्रार केली नाही. लोखंडे हे पहिले नाव आणि मेघाजी हे आडनाव! पुढे आधारवरच्या नावाशी जुळत नाही म्हणून कितीतरी जणांनी कचेऱ्यांचे उंबरठे झिजविले, ते यामुळे. पण त्यांचे निदान पैसे तरी भरले जात होते. ज्यांच्या नावाचे दोनच तुकडे होते त्यांचे काय झाले? आमच्या त्या बाई नवऱ्यापासून वेगळ्या राहत होत्या. त्यांनी नवऱ्याचे नाव लावायचे सोडले होते. मस्टरवर त्या फक्त आडनाव आणि स्वतःचे नाव लिहीत. पहिला तुकडा पहिल्या घरात गेला, दुसरा दुसऱ्या घरात, आणि आडनावाचे घर रिकामे राहिले. नव्या आज्ञावलीचा नियम असा होता की, आडनाव सक्तीचे. ते नाही म्हणून ती नोंद बाजूला पडली. कुठे पडली? नाकारलेल्या नोंदींची एक वेगळी फाइल आपोआप तयार होत होती, आणि ती कोणीही कधीही उघडली नव्हती. पगार बँकेच्या जुन्या यादीवरून होत होते, कपात होत होती, भरणा मात्र होत नव्हता. कंत्राटदाराच्या हिशेबात दरमहा थोडे पैसे शिल्लक राहत. पैसे कमी पडले असते तर त्याने रात्रीतून चौकशी केली असती. पैसे उरले तर कोणाला शंका येत नाही!

मी त्या मुलाला विचारले, तू हे काम कुठे शिकलास? तो म्हणाला, एका वर्गात, पंधरा दिवस. तेथे काय शिकविले? नमुन्याची एक फाइल होती. तिच्यात परदेशी पुस्तकांची यादी होती, लेखकांची नावे दोन-दोन शब्दांची, आधी नाव आणि मग आडनाव. ती फाइल वाचायची, पडद्यावर दाखवायची, झाले शिक्षण. त्याच्या स्वतःच्या घरी रेशनकार्डावर नावे कशी लिहितात हे त्याला ठाऊक नव्हते काय? चांगले ठाऊक होते. परंतु घरातले ज्ञान या कामात वापरायचे असते, हे त्याला कोणी सांगितले नव्हते. दोष त्या मुलाचा मी मानीत नाही. ज्याला यंत्राची बटणे दाखविली आणि माल काय तयार होतो ते सांगितले नाही, त्या कामगाराच्या हातून माल बिघडला तर दोष शिकविणाऱ्याचा.

मग शिकवावे काय? मी या क्षेत्रातल्या जाणत्या माणसांना विचारीत गेलो, त्या मुलाबरोबर रविवारी बसत गेलो, आणि जे समजले ते तुमच्यापुढे ठेवतो.

पहिली गोष्ट, खुणेची गरजच का पडते हे मुलांना पटले पाहिजे. फंडाचेच उदाहरण घ्या. १९५२ साली भविष्यनिर्वाह निधीचा कायदा झाला, आणि २०१२ पासून मालकांनी दरमहाचे विवरण संगणकाच्या फाइलीने पाठवायचे अशी पद्धत आली. पुढे बरीच वर्षे त्या फाइलीत एका कामगाराची एक ओळ, आणि ओळीत अकरा रकाने असत. खुणा नाहीत, दोन रकान्यांच्या मध्ये एक ठरावीक चिन्ह. कोणता आकडा कशाचा, हे केवळ त्याच्या जागेवरून ओळखायचे. पंधरा हजार मजुरीवर बारा टक्क्यांनी मालकाचा हिस्सा १,८०० रुपये. त्यातले ८.३३ टक्क्यांप्रमाणे १,२५० पेन्शनकडे जायचे आणि उरलेले ५५० फंडाकडे. आता समजा, आज्ञावली लिहिणाऱ्याने हे दोन रकाने उलटसुलट केले आणि पुढे तपासणारे कोणी नसले, तर काय होईल? बेरीज १,८०० च राहील! हिशेबनीस खूष, मालक खूष, आणि पेन्शनच्या खात्यात बाराशे पन्नासऐवजी साडेपाचशे. जागेवरून ओळखण्यात हा धोका आहे. आकड्याच्या अंगावरच त्याचे नाव असले, तर तो कुठेही ठेवला तरी ओळख पटते.

परंतु नुसती खूण लावून भागत नाही, हे आपण आताच पाहिले. त्या मुलाच्या फाइलीत खुणा होत्याच. त्या खोट्या बोलत होत्या. म्हणून दुसरी गोष्ट. या भाषेत शुद्धतेच्या दोन पायऱ्या मानतात, आणि तिसरी मी माझ्या पदरची जोडतो.

पहिली पायरी घडणीची. उघडलेली प्रत्येक खूण बंद झाली पाहिजे, आणि जी शेवटी उघडली ती आधी बंद झाली पाहिजे. आमच्या हमालांना हे सांगावे लागत नाही. ट्रकमध्ये जे पोते शेवटी चढविले ते आधी उतरते. घडण चुकली तर यंत्र फाइल वाचायचेच नाकारते. दुसरी पायरी नमुन्याची. अमुक खुणेच्या आत अमुकच खुणा येतील, ही सक्तीची, ती ऐच्छिक, येथे तारीखच हवी, तेथे आकडाच हवा, असा एक लेखी नमुना दोन्ही बाजू आधी ठरवितात. त्याला स्कीमा म्हणतात. फाइल नमुन्याबरहुकूम आहे की नाही, हेही यंत्र तपासते. आणि तिसरी पायरी सत्याची. खुणेच्या आत जे आहे ते त्या माणसाविषयी खरे आहे काय? हे कोणतेही यंत्र सांगू शकत नाही. लोखंडे हे पहिले नाव म्हणून घातले तरी घडण ठीक, नमुना ठीक, आणि गोष्ट साफ खोटी. शाळा-वर्गांत पहिली पायरी शिकवितात, चांगल्या वर्गात दुसरीही शिकवितात. तिसरी शिकविल्याशिवाय पहिल्या दोन व्यर्थ आहेत, असे माझे मत आहे.

मघाशी मी म्हणालो की, ही पद्धत बसविणाऱ्यांपैकी एक गृहस्थ मूळचे वकील होते. मला ते का महत्त्वाचे वाटते? खूण हा करार आहे. एका बाजूने लिहिणारा, दुसऱ्या बाजूने वाचणारा, आणि "आडनाव" या शब्दाचा अर्थ आपण दोघेही एकच घेऊ असे त्यांचे वचन. आम्ही युनियनची माणसे करारावर सही करण्याआधी एकेका शब्दावर रात्र-रात्र बसतो. "वेतन" म्हणजे मूळ वेतन की महागाई भत्त्यासह? "हजर दिवस" म्हणजे भरपगारी रजा धरून की सोडून? या एका शब्दावर हजारो कुटुंबांचा बोनस हलतो. मग नमुन्यात <वेतन> अशी खूण लिहिताना त्या शब्दावर पाच मिनिटेही का बसू नये? तेव्हा शिक्षणाचा पहिला धडा संगणकावर नको, कागदावर हवा. मुलांच्या हातात खरे मस्टर द्या, पगाराची चिठ्ठी द्या, आणि सांगा, यातल्या प्रत्येक रकान्याचा अर्थ मुकादमाला, कारकुनाला आणि कामगाराला विचारून या. तिघांची उत्तरे तीन येतील. त्यातून एक नमुना तयार करणे म्हणजे खरा अभ्यास.

आता काही बारीकसारीक, पण जिवावर बेतणाऱ्या गोष्टी. मुलांना एक वाईट सवय असते. अक्षरे आणि खुणा हाताने शिवून फाइल तयार करायची. दहा वेळा चालते, अकराव्या वेळी एखाद्या दुकानाच्या पाटीत असते तसे "अँड"चे चिन्ह कंपनीच्या नावात येते. एक्सएमएलमध्ये त्या चिन्हाला विशेष अर्थ आहे, ते उघडे लिहून चालत नाही; फाइल मोडते, आणि एका अक्षरापायी सगळ्यांचे पगार अडतात. हे काम करणारी तयार साधने असतात, ती कोणते चिन्ह कसे लिहायचे ते सांभाळतात. ती वापरायला शिकवा. हाताने माल घडविण्यात कौशल्य असते हे खरे, पण संरक्षक जाळी काढून यंत्र चालविण्याला आम्ही कारखान्यात कौशल्य म्हणत नाही.

तसेच, मोठी फाइल वाचण्याचे दोन मार्ग आहेत. एक, सगळी फाइल स्मरणात घेऊन तिचा वंशवृक्ष उभा करायचा आणि हव्या त्या फांदीवर जायचे. दुसरा, दारात उभे राहून एकेक नोंद आत येईल तशी पाहायची आणि पुढे सोडायची. शंभर माणसांच्या कारखान्याला पहिला मार्ग सोयीचा. लाखभर नोंदी असतील तर संगणकाचा जीव गुदमरतो, तेथे दुसरा घ्यावा. कोणता केव्हा, हे पाठ करून येत नाही. मोठी फाइल हातात देऊन, संगणक एकदा अडकू देऊन शिकवावे लागते.

रिकामे घर, शून्य आणि घरच नसणे, या तीन गोष्टी वेगळ्या आहेत. गैरहजर दिवस शून्य, म्हणजे मनुष्य रोज कामावर आला. गैरहजर दिवसांचे घर रिकामे, म्हणजे कोणी लिहायचे विसरले. ते घरच नाही, म्हणजे कदाचित त्या कारखान्यात हजेरीच घेत नाहीत. तिन्हींना शून्य समजणारी आज्ञावली कधी कामगाराला बुडविते, कधी मालकाला. आणि आडनावाचे घर रिकामे असणे ही नेहमीच चूक असते काय? संत जनाबाई आज कामावर आल्या तर आडनावाच्या घरात तुम्ही काय लिहाल? ज्या नमुन्यात जनाबाईंना जागा नाही तो नमुना अपुरा आहे. जनाबाई अपुऱ्या नाहीत. आपल्या मुलांना शिकविताना नमुन्याच्या फाइलीत आपली माणसे घाला: एका नावाची, दोन नावांची, दोन शब्दांचे आडनाव असलेली, लग्नानंतर नाव बदललेली आणि न बदललेली.

आणि सगळ्यांत मोठी गोष्ट म्हणजे मोजणी. गिरणीच्या फाटकावर पाळी सुटताना किती आत गेले आणि किती बाहेर आले हे मोजीत. फरक पडला तर आत कोणाला अपघात झाला की काय, हे पाहायला माणूस धावे. आज्ञावलीच्याही दोन्ही फाटकांवर मोजणी हवी. इतक्या नोंदी आत आल्या, इतक्या बाहेर गेल्या, इतक्या नाकारल्या, आणि नाकारलेल्या नोंदींची यादी एका नाव असलेल्या माणसाच्या टेबलावर, त्याला कळेल अशा भाषेत गेली पाहिजे. चूक होणे क्षम्य आहे. चूक मुकाट्याने गिळणारे यंत्र तयार करणे क्षम्य नाही. त्या सात जणींची सहा महिन्यांची कमाई केवळ या एका मोजणीने वाचली असती.

काही तरुण मित्र मला म्हणतात, काका, एक्सएमएल आता जुने झाले. सगळीकडे जेसन आले आहे. खरे आहे. प्राप्तिकराची विवरणे पूर्वी एक्सएमएलमध्ये जात, २०२१ सालच्या नव्या संकेतस्थळापासून ती जेसनमध्ये जाऊ लागली. उद्या आणखी काही येईल. पण मी त्यांना विचारतो, कंस बदलला म्हणून करार बदलतो काय? जेसनमध्येही घराला नाव असते, नावाला अर्थ असतो, रिकामे घर असते, आणि नाकारलेली नोंद असते. जो मुलगा कंस शिकला तो दर पाच वर्षांनी अडाणी होईल. जो रचना शिकला त्याला नवे कंस आठ दिवसांत येतील. आमच्या गिरण्यांत ज्याला फक्त एकच यंत्र येत होते तो यंत्राबरोबर भंगारात गेला, आणि ज्याला सूत समजत होते तो दुसऱ्या यंत्रावर उभा राहिला. हे नागपूरने डोळ्यांनी पाहिले आहे.

ज्या एम्प्रेस मिलचा भोंगा १८७७ पासून या शहराने ऐकला, ती बंद पडली. आता मिहानमध्ये मोठमोठ्या संगणक कंपन्यांच्या इमारती उभ्या आहेत, परसोडीला आयटी पार्क आहे. आपली मुले तेथे जातात याचा मला आनंद आहे. पण तेवढीच मुले गल्लीबोळातल्या लहान कचेऱ्यांत कंत्राटदारांच्या, पतसंस्थांच्या, शाळांच्या आज्ञावल्या लिहितात. त्या मुलाला मी विचारले, बाबा, तुझा स्वतःचा फंड कापतात काय? तो हसला. त्याला नेमणुकीचे पत्रही नव्हते. सात जणींचा फंड ज्याच्या हातून गळाला, त्याला स्वतःला फंडच नव्हता! तेव्हा माझी मागणी दुहेरी आहे. ज्या आज्ञावलीतून मजुरीचा हिशेब जातो तिचा नमुना कामगारांच्या प्रतिनिधीला वाचायला मिळाला पाहिजे. आणि जो ती लिहितो त्याला शिकायला कामाच्या वेळेत, भरपगारी, पुरेसे दिवस मिळाले पाहिजेत. पंधरा दिवसांत शिकवून घाईने कामाला जुंपलेला मुलगा अर्थ विचारायला थांबणार नाही. थांबला तर त्याला काढून टाकतील हे त्याला माहीत असते.

त्या बाईंचे पुढे काय झाले, असे तुमच्या मनात आले असेल. पैसे भरले गेले, पण त्याला आठ महिने लागले. मधल्या काळात आईच्या औषधासाठी त्यांनी व्याजाने पैसे काढले, आणि ते व्याज कोणत्याही फाइलीत कोणत्याही खुणेखाली लिहिलेले नाही. त्या मुलाने मात्र एक चांगली गोष्ट केली. तो स्वतः आमच्या कचेरीत आला, बाईंना भेटला, आणि त्यांना विचारले, "मावशी, तुमचं नाव तुम्ही कसं लिहिता?" मित्रहो, हा प्रश्न आज्ञावली लिहिण्याआधी विचारायचा असतो.

२०२४ साली आपल्या राज्य सरकारने ठरविले की, त्या वर्षीच्या १ मे रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांची नावे सरकारी कागदपत्रांत बालकाचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव अशा क्रमाने लिहायची. म्हणजे जेथे तीन घरे होती तेथे चार झाली. राज्यातल्या कितीतरी आज्ञावल्यांना आता हे नवे घर बांधावे लागते आहे. कोणी ते घाईने, मोकळ्या जागा मोजून बांधील, आणि मग उद्याच्या मुलांची आई वडिलांच्या घरात आणि वडील आडनावाच्या घरात जाऊन बसतील. कोणी थांबून अर्थ विचारील. १ मे हा कामगारांचाही दिवस आहे. त्या दिवशी आईच्या नावाला जे घर मिळाले, ते नीट बांधणारी मुले आपल्या नागपूरच्या वर्गांतून तयार व्हावीत, एवढीच माझी इच्छा आहे.